कोयता बाहेर पडण्याआधी: ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं लेकरू शाळेत कसं ठेवावं

मी 2006 च्या जूनमध्ये शिक्षणसेविका म्हणून रुजू झाले. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातली दोनशिक्षकी शाळा, महिन्याला 3000 रुपये मानधन. हजेरीपटावर 41 नावं होती. दिवाळीची सुट्टी संपवून परत आले तर वर्गात 13 मुलं. फळ्यावर सुट्टीआधीची तारीख तशीच होती. खिडकीखाली कुणाची तरी पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, उद्या येऊन घेईन अशा बेताने. माझं माहेर लातूरकडचं. उसाच्या टोळ्या ट्रॅक्टरवर बसून जाताना लहानपणापासून बघितल्या होत्या, पण त्या गेल्यावर मागे उरलेला वर्ग तेव्हा पहिल्यांदा बघितला.

त्यानंतर 19 हंगाम गेले. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी आईबापांना शिक्षणाचं महत्त्व सांगत फिरले आणि लेकरं जायची ती गेलीच. पुढे हळूहळू काही गोष्टी जमत गेल्या. त्या इथे लिहिते आहे. नव्याने आलेल्या शिक्षकांना, शाळा व्यवस्थापन समितीवर बसलेल्या पालकांना आणि गावात राहून काही करू बघणाऱ्या पोरापोरींना त्या उपयोगी पडाव्यात.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शिक्षण नको म्हणून लेकरू उसाच्या फडात नेणारे आईबाप मला अजून भेटलेले नाहीत. रात्री त्याला कुणाजवळ ठेवायचं, याचं उत्तर नसतं म्हणून ते नेतात. तुम्हाला ते उत्तर शोधायचं आहे, आणि तेही दसऱ्याच्या आत.

वही पोळ्याआधी काढा

टोळ्या दसरा-दिवाळीच्या आसपास निघतात, पण कोण जाणार हे पावसाळ्यातच ठरलेलं असतं. मुकादमाची, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) तेव्हाच वाटली जाते. कुणाच्या घरी लग्न निघालेलं असतं, कुणाचं दवाखान्याचं देणं असतं, कुणाला पेरणीसाठी पैसा हवा असतो. एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, 50 हजारांपासून लाखाच्या वर उचल मिळते. पैसा खर्च झाला की तो ऊस तोडूनच फेडायचा. त्यानंतर तुम्ही दारात जाऊन काहीही बोललात तरी त्या घराला मागे फिरता येत नाही. म्हणून पोळ्याच्या आधी 200 पानी वही घ्या आणि एका घराला एक पान द्या.

पानावर काय लिहायचं? किती कोयते जाणार, मुकादम कोण, कारखाना कोणता, मागल्या साली कुठे होते, कधी निघणार, कधी परतणार. मागे घरात कोण राहणार. घरात तीन वर्षांच्या आतलं बाळ आहे का. गुरं-शेळ्या किती. आईचा फोन नंबर, आजीचा नंबर आणि मुकादमाचा नंबर. मुकादमाचा विसरू नका. फडात गेल्यावर बाकी सगळ्यांचे फोन चार्जिंगअभावी बंद पडतात, त्याचा सुरू असतो.

"लेकराला शाळेत ठेवणार ना?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात, गुरुजी-बाईंना नाही कोण म्हणणार? "औंदा कोणत्या कारखान्याला?" असं विचारा. त्या एका प्रश्नावर बाकीचं सगळं आपोआप बाहेर येतं. जायचं ते संध्याकाळी, बाई चुलीपाशी असते तेव्हा. खुर्ची आणायला कुणी निघालं तर नको म्हणा आणि चुलीजवळ बसा. पुरुष कारखान्याचं नाव सांगतो, लेकराचं काय करायचं ते बाई सांगते.

तीन प्रश्न

2010 मध्ये माझी बदली शेजारच्या गावात सातवीपर्यंतच्या शाळेत झाली. तिथे सहावीत एक मुलगी होती, वाचनात वर्गात सगळ्यांच्या पुढे. तिला ठेवून घ्यायचंच असं ठरवून मी तिच्या घरी गेले. आई भाकरी थापत होती, नऊ महिन्यांचं बाळ मुलीच्या मांडीवर. मी नेहमीचं बोलले: हुशार आहे, तिचं नुकसान करू नका, एवढं वर्ष ठेवा. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बाई, मी फडात वाकले की ह्याला कोण धरंल? पाचटात जनावर निघतं. ट्रॅक्टर मागं सरतो तवा डायवरला खाली निजलेलं लेकरू दिसत न्हाई."

मला काही बोलता आलं नाही. ती मुलगी त्या साली गेली. तिला शाळेत ठेवायचं तर आधी बाळाची सोय लावायला हवी होती, आणि मी मुलीच्या हुशारीबद्दल बोलत बसले होते.

तेव्हापासून मी प्रत्येक घरी तीनच प्रश्न घेऊन जाते. लेकरू रात्री कुणाजवळ निजणार? धाकट्याला कोण सांभाळणार? मागे राहणाऱ्या गुरांचं कोण बघणार? या तिन्हींची उत्तरं सापडली की शाळेचं वेगळं बोलावंच लागत नाही.

गुरांचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. दोन-तीन घरांच्या शेळ्या एकाकडे राखायला देता येतात, गावात तशी पद्धतही आहे. मात्र त्या राखायचं काम मागे राहिलेल्या पोरावरच येत नाही ना, एवढं बघा. तसं झालं तर पोरगं गावात असूनही वर्गात नसतं.

धाकट्या बाळाचा प्रश्न सगळ्यांत अवघड. दूध पिणारं बाळ आईबरोबर जाणारच, त्याला इलाज नाही. मग बाळाला धरायला कोण, तर मोठी बहीण. यावर मला सापडलेला उपाय एकच आहे: टोळीतल्या एका वयस्क बाईने कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांपाशी, थांबून चार-पाच बाळं बघायची आणि टोळीने तिला त्याचे पैसे द्यायचे. दोन टोळ्यांमध्ये हे जमलं, कारण मुकादमाच्याच सुनेचं बाळ लहान होतं आणि गोष्ट त्याला पटली. इतर ठिकाणी नाही जमलं. तरी दरवर्षी विचारते. एका बाईची मजुरी वाटून घेतली तर पाच मुली सुटतात, हा हिशोब मुकादमासमोर बोटांवर मोजून दाखवा.

आणि रात्रीचा प्रश्न, म्हणजे आजी.

आजीकडे लेकरू ठेवा म्हणणं सोपं आहे. आजीला काय वाटतं ते एकदा ऐका. एक आजी मला म्हणाली, "ठिवते गं माय, पण रातच्याला ताप आला तर मी कुठं पळू? उद्या काही झालं तर सून मलाच बोलंल." तिला मोतीबिंदू, गुडघे गेलेले, पाणी हापशावरून आणायचं. तिच्याजवळ तीन लेकरं ठेवायची तर तिची सोय आधी लावायला हवी. आम्ही काय करतो ते सांगते. शेजारच्या दोन घरांतल्या आज्या एकत्र आणतो, एकीने लेकरं बघायची, दुसरीने चूल. आशाताईचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने मोठ्या आकड्यांत लिहितो आणि मोठ्या नातवाकडून दोनदा लावून घेतो. रेशनचं धान्य गावात उचलायचं की आईबापांनी तिकडे घ्यायचं, हे निघण्याआधी ठरवून घेतो, कारण नंतर फोनवर त्यावरून भांडणं होतात. किराणा दुकानदाराशी बोलून महिन्याचं खातं उघडतो आणि बाप आपल्या तोंडाने त्याला सांगून जातो. हे सगळं होईपर्यंत माझ्या दोन-तीन फेऱ्या होतात. त्यातल्या एकीत तरी मुलाचं प्रगतिपुस्तक आजीला वाचून दाखवा. नातवाबद्दल शाळेतून कुणी येऊन चांगलं सांगतंय, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदा होत असतं.

मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की आई तिला डोळ्याआड ठेवायला तयार होत नाही. त्या आईचं चुकतं असं मला म्हणवत नाही. गावात काय होऊ शकतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. अशा मुलींसाठी वसतिगृह हाच खरा मार्ग.

हंगामी वसतिगृह

नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच, की हंगामात मागे राहिलेल्या मुलांना शाळेत सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं आणि झोपायला ती आजीकडे किंवा नातेवाइकांकडे जातात. दुपारचं पोषण आहाराचं जेवण नेहमीप्रमाणे असतंच. हेही कमी नाही. आजीवरचा स्वयंपाकाचा भार गेला की ती लेकरू ठेवायला तयार होते.

प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने जातो. तो केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवायचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत 75 टक्के पालक हवेत आणि निम्म्या महिला. त्या जागांवर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या बायका घ्या, आणि ठरावाची बैठक त्या गावात असताना घ्या. ऑगस्टमध्ये ठराव, सप्टेंबरमध्ये नावांची यादी. तुमची पोळ्याची वही इथे कामाला येते, कारण यादीतलं प्रत्येक मूल खरोखरच स्थलांतरित कुटुंबातलं आहे हे पडताळणीत विचारलं जातं.

मंजुरीची वाट बघत बसू नका. एका वर्षी आमच्याकडे ती यायला डिसेंबर उजाडला आणि तोवर 9 मुलं निघून गेली होती. पुढच्या वर्षीपासून आम्ही पहिला महिना गावाच्या धान्यावर काढतो. निघणाऱ्या प्रत्येक घराने पायलीभर ज्वारी किंवा तेवढे तांदूळ शाळेत द्यायचे. पोषण आहार शिजवणारी बचत गटाची बाईच रात्रीचं करते. वरण, भाकरी, कधी पिठलं. मंजुरी आली की तिचे पैसे आधी द्या, बाकीचे हिशोब मागून.

रात्रीच्या जेवणाआधी तासभर अभ्यास घ्या. तो घ्यायला गावातली बारावी झालेली मुलगी मिळाली तर उत्तम. मुली घरी जाताना घोळक्याने आणि एका मोठ्या बाईबरोबर जातील हे पाहा. यात एक दिवसही ढिलाई नको. एक वाईट बातमी फडात पोचली की दुसऱ्या दिवशी सगळ्या आया आपापल्या मुली घेऊन जायला येतील.

मोठ्या मुलांसाठी तालुक्याच्या ठिकाणचं वसतिगृह बघा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. 2021 मध्ये 41 तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशा 82 वसतिगृहांचं धोरण ठरलं. मुलींसाठी काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयंही आहेत. दोन्हींची चौकशी जूनमध्येच करून ठेवा. दिवाळीला गेलात तर जागा भरलेल्या असतात.

जायचंच असेल तर

काही लेकरं जाणारच. मग बघा, घर कोणत्या सेंटरला जातंय. गाडी सेंटर किंवा टायर सेंटरवाले, म्हणजे बैलगाडीने ऊस वाहणारे, कारखान्याजवळ अड्डा करून राहतात, हंगामभर साधारण एकाच जागी. डोकी सेंटरची टोळी ट्रॅक्टरबरोबर फिरते. आज या गावच्या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. गाडी सेंटरला जाणाऱ्या लेकराला तिकडच्या शाळेत घालता येतं. डोकी सेंटरच्या लेकराचं तिकडे काहीच लागत नाही. तेव्हा तुमची ताकद मर्यादित असेल तर ती डोकी सेंटरच्या घरांवर आधी खर्च करा. हे मला कळायला आठ वर्षं लागली.

तिकडे जाणाऱ्या प्रत्येक मुलाला निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड भरून द्या. त्यावर मूल कोणत्या इयत्तेत आहे, त्याला काय येतं, हे असतं. ते तिकडच्या शाळेत दाखवायचं आणि परत येताना तिकडची हजेरी त्यावर लिहून आणायची. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईकडे द्या. कोपीत दव पडतं, कागद टिकत नाही.

आईबापांना दारात उभं करून पाठ करून घ्यायच्या चार गोष्टी आहेत, कारण अडवलं गेलं की ती माणसं काही न बोलता मागे फिरतात. दाखला नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही. जूनमध्येच यायला हवं होतं असं म्हणता येत नाही. आधारकार्डाशिवायही प्रवेश द्यावा लागतो. पहिल्या तीन गोष्टी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहेत, चौथी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केली. सहा वर्षांवरच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला जादा शिकवायचं, हेही याच कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे.

आमचा एक बाप कृष्णाकाठच्या एका गावात मुलाला घेऊन शाळेत गेला. "टीसी आणा" म्हणून त्याला परत पाठवलं. बीडहून टीसी आणायची म्हणजे दोन दिवसांचा खाडा आणि एसटीचं भाडं. त्याने मुलाला फडात नेलं. मला ते पाडव्यानंतर कळलं. ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, त्याच मुलखातल्या फडांत आमची लेकरं मोळ्या बांधत असतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. आता मी वाट बघत नाही. कारखान्याचं नाव कळलं की त्याच्या गट ऑफिसला किंवा चिटबॉयला (तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) फोन करून अड्डा कुठे पडला ते विचारते, जवळची शाळा शोधते आणि तिथल्या मुख्याध्यापकांशी स्वतः बोलते. "तुमच्याकडे आमचं एक मूल येतंय, नाव हे, इयत्ता ही, वाचन चांगलं आहे, भागाकार कच्चा आहे." शिक्षकाने शिक्षकाला असं सांगितलं की बहुतेक वेळा अडवणूक होत नाही. कितीतरी ठिकाणी फार मायेने घेतलं आहे.

कोणत्याच शाळेत बसता येणार नाही अशा मुलाला पुस्तकांचं ओझं देऊ नका. मराठीचं आणि गणिताचं पुस्तक, एक जाड वही, तीन पेनं. आणि एकच काम: रोज पाच ओळी. तारीख, गाव, आज काय झालं. चौथीतल्या एका मुलाने मला एप्रिलमध्ये आणून दिलेली वही अजून माझ्याकडे आहे. कोपऱ्यांना उसाचा चिकटा लागून पानं एकमेकांना धरलेली. एका पानावर असं: "आज रात्री गाडी भरली. थंडी होती. आईच्या हाताला लागलं. मी मोळ्या मोजल्या." पुढे मोळ्यांचा आकडा, त्याखाली बेरीज.

त्याच मुलाने जानेवारीत वजनाच्या पावत्या वाचून टनांची बेरीज केली आणि मुकादमाच्या हिशोबात तीन खेपा कमी धरल्याचं बापाच्या लक्षात आणून दिलं. मुकादमाने ते मान्य करून दुरुस्तही केलं. पुढच्या वर्षी तो बाप मला आपणहून म्हणाला, "बाई, ह्याला ठिवून जातो." तेव्हापासून मी पावती वाचायला वर्गातच शिकवते. तारीख, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, टन आणि क्विंटल. तिसरीपासून पुढच्या कुठल्याही मुलाला हे जमतं, आणि घरात त्याचं वजन वाढतं.

हंगामात आठवड्यातून एकदा फोन करा. दिवस ठरलेला असू द्या. मी रविवारी रात्री आठनंतर करते. दोन मिनिटं पुरतात. मुलाला एक परिच्छेद वाचायला सांगा आणि गप्प बसून ऐका.

परत आल्यावर

पाडव्याच्या आसपास टोळ्या परतायला लागतात. इथे शाळेकडून होणारी चूक म्हणजे हजेरीपटावरून कमी केलेलं नाव. आपल्या राज्यात मूल महिनाभर सलग गैरहजर राहिलं की ते शाळाबाह्य धरायचं असतं. धरायचं ते त्याला शोधण्यासाठी, पण ते नाव काढून टाकण्याचं निमित्त होऊन बसतं. स्थलांतरित म्हणून नोंद ठेवा, नाव ठेवा.

पहिल्या दिवशी मुलाला काहीही विचारू नका. दुसऱ्या दिवशी एकटं बसवून वाचून घ्या: अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. जिथे अडलं तिथून सुरू करा, मग ते मूल पाचवीत असलं तरी. जोडीला वर्गातलं एक मूल द्या. 'तू मागे पडलास' हे वाक्य वर्गात कुणाच्या तोंडून येऊ देऊ नका. ज्या पोराने पाच महिने पहाटे उठून मोळ्या वाहिल्या त्याला ते फार लागतं. आणि असं लागलेलं मूल पुढच्या दिवाळीला स्वतःच म्हणतं, मी जातो फडात.

पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता पुन्हा सुरू झाली आहे. त्यात राहिलेल्या मुलाला जादा शिकवून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची असते. या दोन्ही तारखा आईबापांना निघण्याआधीच कागदावर लिहून द्या. तारीख माहीत असली तर बरेच जण चार दिवस आधी लेकराला कुणाबरोबर तरी पाठवतात.

आठवीनंतर

कायद्याचं मोफत शिक्षण 14 वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत. आमच्या गावची शाळा सातवीला संपते, आणि खरी गळती तिथून पुढे होते. मुलगा पंधराचा झाला की तो बापाबरोबर अर्धा कोयता धरतो. मुलीचं लग्न ठरतं. यामागेही उचलीचाच हिशोब आहे: लग्न झालं की नवी जोडी, म्हणजे नवा कोयता आणि नवी उचल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात 21.9 टक्के निघाल्या, बीड जिल्ह्यात 43 टक्क्यांच्या वर.

सातवीच्या सगळ्या मुलींचे पुढच्या शाळेतले प्रवेश मी जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वतः बरोबर जाऊन करते. दाखला हातात देऊन "जा आणि प्रवेश घ्या" म्हटलं की निम्म्या दाखल्यांची घरीच घडी होते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, तो त्याच दिवशी काढून घ्या. मानव विकासच्या, म्हणजे मुलींना शाळेत नेणाऱ्या, बसचं वेळापत्रक बघा आणि शेवटचा तास बसच्या वेळेशी जुळत नसेल तर शाळेशी बोला. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. वर्षाला 12 हजार येतात म्हटल्यावर मुलीचं लग्न दोन वर्षं पुढे गेलेलं मी तीन घरांत बघितलं आहे.

लग्न ठरल्याचं कळलं तर आधी आईशी बोला, मग ग्रामसेवकांशी (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात). गावात बालविवाह प्रतिबंध अधिकारी तेच असतात. उपयोग होत नाही असं दिसलं तर 1098 ला फोन करा. गावात वाईटपणा येतो. मलाही आला, एका घराने दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. ती मुलगी आज नर्सिंगला आहे.

सुटून गेलेल्यांसाठी

शाळा सोडून वर्षं झालेल्यांना दोन वाटा आहेत. राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि दहावी-बारावीला बाहेरून बसायचं असेल तर 17 नंबरचा फॉर्म. हा फॉर्म ऑनलाइन भरतात, मंडळ दरवर्षी तारखा जाहीर करतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड आणि फोटो लागतो. मूळ दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दुसरी प्रत मिळते, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्यामुळे मुख्याध्यापकांना विनंती अशी, की जुनी रजिस्टरं वाळवीपासून जपा.

बाळाला धरायला म्हणून गेलेली ती सहावीतली मुलगी 2022 च्या पावसाळ्यात माझ्याकडे आली. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, स्वतःचा कोयता, कडेवर मुलगी. म्हणाली, "बाई, माझं नाव अजून असंल का शाळंत?" रजिस्टर काढलं. 2010 च्या पानावर माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत तिचं नाव होतं. दाखल्याची प्रत काढली, फॉर्म भरला. परीक्षेपर्यंत ती रविवारी रात्री फोन करायची आणि मी तिच्याकडून धडे वाचून घ्यायचे. मार्चमध्ये परीक्षा आली तेव्हा हंगाम अजून संपलेला नव्हता. नवऱ्याने तिच्या खाड्याचे पैसे मुकादमाला भरले आणि तिला एसटीत बसवून दिलं. मराठीच्या पेपराला ती केंद्रात गेली तेव्हा तिच्या बोटांना कोयत्याचे घट्टे होते, आणि पेन नीट धरता यावं म्हणून तिने आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळलं होतं. तीन तास तिची मुलगी केंद्राबाहेरच्या लिंबाखाली माझ्या मांडीवर झोपली होती.